अकरा अडतीस ते अकरा एकोणपन्नास

सैन्यात मी बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. जवानांच्या जखमा बांधायच्या, सलाईन लावायचं, आणि ज्याचा इलाज आपल्या हातात नाही त्याला हेलिकॉप्टर येईपर्यंत जिवंत ठेवायचं, एवढंच काम. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. मूळ गाव कोकणात, पण मुलीच्या कॉलेजसाठी विरार पूर्वेला चंदनसारमध्ये वन बीएचके घेतला आणि इथलाच झालो. इथे मला सगळे 'मेजर' म्हणतात. जे प्रमोशन मिळवायला सैन्यात मला आणखी दोन जन्म लागले असते, ते सोसायटीच्या वॉचमनने पहिल्याच सकाळी देऊन टाकलं. सुरुवातीला मी लोकांना सुधारायचो. मग सोडून दिलं.

माझी आताची पोस्टिंग म्हणजे एका मंडळाची अॅम्ब्युलन्स. क्रू दोघांचा. मी मागे, आणि पुढे वटार गावचा डॉम्निक. डॉम्निकची केळीची वाडी आहे, स्वभाव थंड आहे आणि गाडीवर हात चांगला आहे. सकाळी सातला मी ऑक्सिजनचं प्रेशर बघतो, सक्शन मशीन चालवून बघतो, स्वच्छ चादरी मोजतो, सलाईनच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचतो. साडेनऊला पुन्हा बघतो.

"मेजर, आताच तर बघितलं तुम्ही."

"तेव्हा सात वाजले होते."

डॉम्निक हसतो आणि पेपर वाचायला घेतो. मला पेपर वाचवत नाही. फोन वाजत नसला की मी गाडीभोवती फेऱ्या मारतो. घरी बायको म्हणते, तुम्ही रिटायर झालात पण तुमच्या पायांना कोणी कळवलं नाही. तिचं खरं आहे.

आमचे बहुतेक कॉल साधे असतात. डायलिसिसचे पेशंट, बाथरूममध्ये घसरलेले आजोबा, हायवेवरचे अपघात. भाजल्याचा कॉल मात्र मला नको असतो. कारण तिथे पोचेपर्यंत लोकांनी काय थापलेलं असेल याचा नेम नसतो. टूथपेस्ट, शाई, दही, किसलेला बटाटा. एकदा एका शिकल्या-सवरल्या बापाने मुलाच्या पायावर इडलीचं पीठ लिंपलं होतं. आणि पाणी? घरात नळ आहे, पिंप आहे, टाकी आहे, पण पाणी कोणी टाकत नाही. पाणी टाकलं की फोड येतात, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा. फोड आगीने येतात. साधं वाहतं पाणी वीस मिनिटं ओता, अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढा, वर स्वच्छ चादर टाका, आणि दुसरं काही करू नका. हे मी सोसायटीच्या सत्यनारायणालाही सांगतो. आता मला पाहिलं की लोक प्रसाद घेऊन पटकन निघतात.

तो रविवार होता. मे महिना, लग्नाचे दिवस. अकरा वाजून अठरा मिनिटांनी फोन वाजला.

"लग्नघर हाय आमचा. गॅस भडकलाय. दोन जन भाजलेत. लवकर या."

"शुद्धीवर आहेत?"

"एक लय वरडतंय."

"आणि दुसरा?"

"दुसरी बाय हाय. ती बसलेय."

"दोघांच्या अंगावर साधं पाणी ओता. आम्ही येईपर्यंत ओतत राहा. ओव्हर."

"काय?"

"पाणी ओता!"

फोन बंद झाला. डॉम्निकने गाडी सुरू केलीच होती. गाव वैतरणेच्या खाडीकाठचं, पुढचा रस्ता अरुंद. त्यात दोन वराती आणि एक वाळूचा ट्रक. आम्ही अकरा छत्तीसला मांडवासमोर उभे राहिलो.

घर शेतकऱ्याचं, आता दोन मजली. मागे सिमेंटच्या पत्र्याची एक लांब खोली, तिथे लग्नाचा स्वयंपाक. सकाळी देव बसवले होते, नवऱ्या मुलाच्या मनगटाला काकण बांधलं होतं, आणि संध्याकाळी हळद होती. मागच्या खोलीत बायका वडे तळत होत्या. या गावांत लग्नातलं कुठलंही काम मुक्याने होत नाही. तांदूळ निवडताना, हळद दळताना, वडे तळताना धवला गायला जातो, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी नंतर येतो आणि लवकर जातो. धवलारीण तीन दिवस असते आणि लग्नघरात तिचा शब्द शेवटचा.

वारा भट्टीची आच उडवतो म्हणून बायकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. पाइपच्या जोडातून गॅस झिरपत होता. दुसरी भट्टी पेटवायला काडी ओढली आणि खोलीच पेटली. दाराजवळच्या बायका पदर सावरत बाहेर पळाल्या. धवलारीण आतल्या कोपऱ्यात पाटावर बसली होती, आणि तिचे गुडघे दुखरे. तिला उठता आलं नाही. वरून तेलाची कढई पेटली आणि धूर भरला. नवरा मुलगा कुणाल आत घुसला आणि त्याने तिला दोन्ही काखांत हात घालून ओढत बाहेर आणलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच: अंगणात खाटेवर कुणाल, दोन्ही हात वर धरून ओरडतोय, भोवती पन्नास माणसं. आणि दहा पावलांवर ओटीच्या पायरीवर टेकून बसलेली एक साठीची बाई, शेजारी तिची मुलगी.

दोघंही पिवळीधमक होती. संध्याकाळसाठी वाटून ठेवलेली हळद, तेलात कालवलेली, परातभर, हाताशी होती. बायकांनी ती दोघांना थापली होती. कोणी टूथपेस्ट शोधत बसलं नाही, कारण शोधायची गरजच पडली नाही.

अकरा अडतीसला मी कुणालजवळ पोचलो. ही वेळ मला पाठ आहे.

ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात: ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. मी जाता जाता त्या बाईकडे पाहिलं. विचारलं, "मावशी, कशा आहात?"

"मना काय नाय झाला," ती म्हणाली. "पोराला बगा पयले."

आवाज घोगरा होता. मी थबकलो. थबकलो होतो, हे मला स्वतःच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण लगेच मागून कोणीतरी म्हणालं, "भागूआय धवलारीन हाय आमची. कालपासून गातेय, गला बसलाय तिचा." मला ते पटलं. दोन दिवस गाणाऱ्या बाईचा आवाज बसणारच. चेहऱ्यावर हळदीचा जाड थर, खालचं काही दिसत नव्हतं. ती सरळ बसली होती, नीट बोलली होती. मी पुढे गेलो.

कुणालचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. मी पिंपातलं पाणी मागवलं आणि तांब्याने ओतायला लावलं. दोन बायका रडत रडत ओतू लागल्या. हळद वाहून गेली, कातडी दिसली. बोटं जाड होत चालली होती. उजव्या मनगटाला काकण होतं: सुती दोऱ्याचे पाच-सात वेढे, त्यात हळकुंड आणि लोखंडी कडी. दोरा ओला होऊन कातडीत रुतायला लागला होता. अजून तासाभराने पंजा काळा पडला असता. मी कात्री काढली.

"काय करता?" कुणालच्या काकाने माझा हात धरला. जनूकाका. अंगाने भक्कम, गळ्यात टॉवेल.

"हे कापायचंय."

"काकन कापायचा नाय. देव बसलेत घरात."

"हात जाईल त्याचा."

"दुसरं काय ते करा. वर सरकवा."

वर सरकवायला जागा नव्हती. मी समजावलं. काका ऐकेना. आणखी दोघं मध्ये पडले, एक म्हातारी रडायला लागली, कोणीतरी भटजीला फोन लावला. भटजी फोन उचलेना. मी आवाज चढवला, तसा काकांनीही चढवला. सैन्यात मी म्हणालो असतो, बाजूला हो, आणि माणूस बाजूला झाला असता. इथे मी युनिफॉर्म नसलेला एक अॅम्ब्युलन्सवाला होतो. घड्याळ बघत होतो आणि चरफडत होतो.

मग मागून ती म्हणाली, "काप."

सगळे वळले. भागूआय पायरीवरून अर्धी उठली होती.

"मी सांगतंय. काप ता. देवाचा मी बगीन."

आवाज आणखी खरखरीत झाला होता. पण शब्द शेवटचा होता. काकांनी माझा हात सोडला. मी काकण कापलं. तुकडे जमिनीवर पडू न देता एका बाईने पदरात घेतले. कुणालच्या बोटांत रंग आला, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितो. त्या क्षणी मी स्वतःवर खूश होतो.

कुणालचे हात ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून मी वळलो तेव्हा भागूआयची मुलगी माझ्यासमोर उभी होती. सुनंदा. पस्तिशीची, वसईला एका कंपनीत पॅकिंगला जाते.

"सायेब," ती हळू आवाजात म्हणाली, "आय कधी गला बसू देत नाय. वड्यांचा धवला घेतला तवा चांगला होता आवाज. आता पाऊन घंट्यापूर्वी."

अकरा एकोणपन्नास.

मी तांब्या उचलला आणि भागूआयच्या चेहऱ्यावर पाणी ओतलं. हळद गळ्यावरून खाली उतरली. भुवया नव्हत्या. पापण्यांची टोकं करपून वळली होती. नाकपुड्यांच्या कडांना काजळी होती. मी म्हटलं, तोंड उघडा. जिभेच्या मागेही काळं होतं.

ती गाण्याने बसलेला आवाज नव्हता. तिने बंद खोलीतली आग श्वासाबरोबर आत घेतली होती आणि आता तिचा गळा आतून सुजत होता. बाहेरून काही दिसत नाही. माणूस बसलेला असतो, बोलतो, पाणी मागतो. आणि आत वाट बारीक होत जाते.

हे मला नुसतं पुस्तकातून माहीत नव्हतं. मी पाहिलं होतं. एका उंच पोस्टवर आमच्या शेल्टरमध्ये केरोसीनची बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवायची शेगडी, भडकली होती. नाईक दीवान सिंग दोघांना बाहेर काढून स्वतः शेवटी आला. हातावर थोडं भाजलं होतं. चहा प्यायला, चेष्टा केली, मला म्हणाला, बाकीच्यांचं बघ. आवाज घोगरा होता. सगळ्यांनाच तिथे सर्दी असायची, म्हणून आम्ही समजलो सर्दी. उजाडल्याशिवाय हेलिकॉप्टर येणार नव्हतं. दीवान सिंग उजेडापर्यंत पोचला नाही. त्यानंतर मी प्रत्येक नव्या पोराला शिकवलं: आगीतून आलेल्या माणसाचा आवाज आधी ऐका. मी शिकवलं. आणि मीच त्या अंगणात उभं राहून गाण्याचं कारण मान्य केलं.

मला स्वतःची चीड आली. पण तेव्हा चिडायलाही वेळ नव्हता.

"डॉम्निक! स्ट्रेचर. पाठ उभी कर. ऑक्सिजन फुल."

लोकांनी तोवर कुणालला उचलून गाडीत स्ट्रेचरवर ठेवलं होतं. काका दाराशी उभे.

"याला उतरवा," मी म्हणालो. "स्ट्रेचर मावशीला पाहिजे."

"नवरा मुलगा हाय तो! ती बसलेय ना चांगली."

"उशीर झाला तर ती जाईल. हा वाचेल."

मी हे फार जोरात बोललो. कुणाल स्वतःच उठला. दात आवळून खाली उतरला, बाजूच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "काका, आयला चढवा. मी तिला काय मरायला बाहेर नाय काढली." तिचा तो कोणी नव्हता, गावात सगळेच तिला आय म्हणत.

भागूआय मात्र हलेना. देव बसवलेल्या घरातून धवलारीण मध्येच उठून गेली तर लग्न अडतं. ती पायरीची कड धरून बसली आणि मान हलवू लागली. मी हात जोडले. बावीस वर्षांत मी कुठल्या पेशंटला हात जोडले नव्हते. सुनंदा तिच्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "आय, मी बसतो तुज्या जागी. परतून आलो का मी बसतो. चल." मुलीला धवले धड येत नव्हते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. भागूआयने तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

अकरा छप्पन्नला आम्ही निघालो. मागे मी, स्ट्रेचरवर उठून बसवलेली भागूआय, बाकावर कुणाल आणि सुनंदा. पुढे डॉम्निकशेजारी काका.

आडवं केलं असतं तर गळ्याची सूज श्वासाच्या वाटेवर पडली असती, म्हणून बसवूनच. तोंडावर मास्क. गळा आणि हात ओल्या कपड्याने गार, बाकी अंगावर चादर, कारण भाजलेलं माणूस मे महिन्यातही गारठतं. शिरेत सुई. बोटाला ऑक्सिमीटर. त्यावर अठ्ठ्याण्णव. धुरात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत ते यंत्र सरळ खोटं बोलतं, धुरातला विषारी वायूही त्याला ऑक्सिजनच वाटतो. मी त्याच्याकडे बघणं सोडलं. माझ्याकडे एकच भरवशाचं यंत्र होतं.

"मावशी, नाव सांगा."

मास्कच्या आतून, "भागूबाय."

"दर दोन मिनिटांनी विचारणार. कंटाळायचं नाही."

गळ्यात नळी घालणं मला येत नाही. ते भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम, आणि सुजलेल्या गळ्यात तर त्यातल्याही मुरलेल्याचं. मी विरारमधल्या एका हॉस्पिटलला फोन लावला.

"अॅम्ब्युलन्समधून साळवी बोलतोय. दोन बर्न्स. एक महिला, वय साठ, बंद खोलीत भाजलेली. एअरवे बंद होतोय. अॅनेस्थेटिस्ट दारात पाहिजे."

"सॅच्युरेशन किती?"

"अठ्ठ्याण्णव. त्यावर जाऊ नका. आवाज जातोय."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"या. सरांना बोलावतो."

पुढून काकांचा आवाज आला. "हितं कुठं? डायरेक मुंबईला घ्या. भाजल्याचा मोठा वॉर्ड हाय तिकडं. हितं काय उपेग?"

भाजल्याचा वॉर्ड मुंबईलाच लागणार होता, ते बरोबर होतं. इथल्या प्रत्येक घरात हीच सवय आहे: मोठं दुखणं म्हणजे मुंबई, मग मध्ये काय होईल ते होवो. हायवेला त्या दिवशी काम चालू होतं. दीड तास, कदाचित दोन.

"मावशी, नाव."

"भा...गूबाय."

"डॉम्निक, मुंबईकडे वळायचं नाही. आत घे."

"मेजर, पक्का?"

"पक्का."

काका मागे वळून माझ्यावर ओरडले. त्यांना वाटत होतं मी बाईला मारायला नेतोय. त्यांच्या जागी मीही ओरडलो असतो. कुणाल म्हणाला, "काका, गप बसा ना आता," आणि डोळे मिटले. त्याच्या वेदनेसाठी मी इंजेक्शन दिलं होतं, पण ते पुरेसं नव्हतं आणि त्याने पुन्हा मागितलं नाही.

फाट्यावर गर्दी. डॉम्निकने सायरन आणि शिव्या दोन्ही चालू ठेवले. चर्चला जाणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने काही बाकी ठेवलं नाही.

"मावशी, नाव."

शिट्टीसारखा श्वास आणि त्यात अर्धा शब्द. सुनंदाने आईचा पाय धरला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काय चाललंय हे तिला कळलं होतं.

"नाव."

ओठ हलले. आवाज आला नाही.

"डॉम्निक."

"दिसतंय मेजर. दोन मिनटं."

बारा एकवीसला गाडी दारात लागली. अॅनेस्थेटिस्ट उभा होता, तरुण होता, आणि मला भीती वाटली की फार तरुण आहे. पण त्याचा हात मुरलेला निघाला. दोनदा नळी गेली नाही. तिसऱ्यांदा, लहान मापाची, गेली. बारा चौतीस. काचेच्या दारातून मी तिची छाती वर-खाली होताना पाहिली आणि भिंतीला टेकलो. काका शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी गळ्यातला टॉवेल काढून माझ्या हातात दिला. माझा चेहरा घामाने आणि हळदीने भरला होता, हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी तिला नळीसकट मुंबईला हलवलं. कुणालला दुसऱ्या दिवशी.

भागूआय एकोणीस दिवस जगली. सुरुवातीला गुंगीत ठेवली होती. मग गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवली आणि ती शुद्धीवर आली. बोलता येत नव्हतं. आत किती भाजलंय ते तेव्हा कळलं. फुप्फुसात जंतू शिरले, ते आवरले नाहीत. विसाव्या दिवशी पहाटे ती गेली.

मी हॉस्पिटलच्या त्या तरुण डॉक्टरला विचारलं. अकरा मिनिटं आधी निघालो असतो तर? तो म्हणाला, नळी थोडी सोपी गेली असती, पण आतली इजा तीच होती, शेवट बदलला नसता. डॉक्टर चांगला माणूस आहे. म्हणूनच माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसत नाही.

बाराव्याच्या दिवशी मी गावात गेलो. लोक पांगल्यावर सुनंदा एकटी पडवीत होती. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं.

"तुझ्या आईकडे मी अकरा मिनिटं उशिरा आलो. आवाज ऐकला होता. समजायला हवं होतं. चूक माझी आहे."

तिने माझ्यासमोर पाट सरकवला. मग म्हणाली, "मना पन समजला होता. तुमी कुनालजवल गेलात तवाच. पन मोठी मानसं काकनावरून भांडत होती, मी कशी मदे बोलू? मी गप रायलो. अकरा मिनटं मीपन गप होतो, सायेब."

मग तिने मला चहा दिला आणि वॉर्डातलं सांगितलं. दिवसातून दोनदा तिला आत सोडत. गाऊन, टोपी, मास्क. आईला बोलता येत नव्हतं आणि दोघींना एकमेकींकडे बघवत नव्हतं, म्हणून सुनंदा हळू आवाजात धवले म्हणू लागली, जेवढे येत होते तेवढे. चुकलं की भागूआय चादरीवर एक बोट उचलायची. सुनंदा मागे जायची, पुन्हा म्हणायची. बोट खाली राहीपर्यंत. नर्स ओरडली नाही. एका नर्सने तर मोबाइल वाजला म्हणून एका डॉक्टरलाच बाहेर काढलं.

"आमच्यात कोनी लिवून ठेवत नाय," सुनंदा म्हणाली. "ती खोलीतच गेली असती तर सगला तिच्यासंगं गेला असता. तुमी अकरा मिनटं धरून बसलाव. मना एकोनीस दिस मिलाले."

मला तिचं म्हणणं कळलं. पटलं असं म्हणणार नाही. अजूनही लग्नाच्या दिवसांत बँडचा आवाज आला की मी घड्याळ बघतो, आणि टीव्हीवर लग्न लागलं की बायको चॅनल बदलते. मला भागूआय आणि दीवान सिंग आठवतात आणि मला वाईट वाटतं, हे साधं आहे. त्याला दुसरं नाव देण्याची गरज नाही.

कुणालचं लग्न पुढच्या मोसमात झालं. त्याचे हात बरे झाले, डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. आम्हा दोघांना आमंत्रण होतं. डॉम्निक वाडीतला केळीचा घड घेऊन आला. या वेळी स्वयंपाक मोकळ्या अंगणात होता आणि जनूकाका हातात पाण्याचा पाइप घेऊन भट्टीजवळून हलायला तयार नव्हते. मला बघून त्यांनी पाइप वर करून दाखवला.

देव बसवायच्या वेळी सगळे आत जमले. सुनंदा पाटावर बसली होती. आवाज आईइतका भरदार नाही असं बायका कुजबुजल्या, पण शब्द अडत नव्हते. आधी तिने देवांना आवतण दिलं. गावदेवीला, वेताळाला, खाडीला. मग घरातल्या गेलेल्यांना. लग्न त्यांचंही असतं, त्यांना बोलावल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी इथली रीत. कुणालच्या आजोबाचं नाव, आजीचं नाव, एका लहानपणी गेलेल्या आत्याचं नाव. नाव घ्यायचं, या म्हणायचं, आणि त्यांना दारातून आत यायला थोडा वेळ द्यायचा.

ती यादी संपली. सुनंदाने डोळे मिटले.

"भागूबाय," ती म्हणाली. "ये."

मी मांडवाच्या खांबाजवळ होतो. पाय आपोआप जुळले, हात बाजूला सरळ झाले. कोणी हललं नाही. इतरांसाठी ती थांबली होती त्याहून बराच जास्त वेळ सुनंदा थांबली, आणि मग तिने पुढचा धवला सुरू केला.